धुऱ्याला माती

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते धुऱ्याला माती लावायचं. धानाच्या खाचराला आमच्याकडं बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांच्या मधल्या मातीच्या बांधाला धुरा. वरची बांधी आमची, खालची शेजाऱ्याची. सकाळ होती. बांधीतल्या पाण्यावर धुकं असं बसलं होतं की आभाळ कुठं संपलं आणि पाणी कुठं सुरू झालं ते कळत नव्हतं. ती, माझी बायको, त्या धुक्यात वाकलेली. तिचं डोकं दिसायचं, मग दिसायचं नाही, मग पुन्हा दिसायचं. बगळे तिच्या इतक्या जवळ उभे होते, जसं काही ती त्यांच्याच घरची. आज डोळे मिटले की पहिलं हेच दिसतं. आणि ऐकू येतो ओल्या मातीवर तिच्या तळहाताचा आवाज. थप. थप. घराची भिंत सारवावी तशी ती धुरा सारवायची.

मी फावड्यानं आमच्याच बांधीतला चिखल ओढून तिच्या पुढं टाकत होतो आणि बडबडत होतो.

"पाह्य, पाह्य. यंदा तं हातभर नेला त्यानं. पुढच्या साली आपल्या चुलीपाशी येईन हा धुरा."

"आला तं चहा देऊ त्याले."

"तुले हसू येते?"

"मंग काय रडू? फावडा मारा. माती वाळून राहिली."

"परवा मी तुमसरले कचेरीत जातो. मोजणी मांगतो. दगड गाडतो दोन्ही कोपऱ्यात. मंग कोरून दाखवू दे त्याले."

"जा ना बाप्पा. म्या कोठी धरून ठेवलं तुमाले? पण मोजणीवाला आज येऊन राहिला का? आज तं मातीच लावा लागन."

असं तिचं बोलणं. भांडायला जागाच ठेवायची नाही. मी फावडा मारला. जोरात मारला, चिखल तिच्या लुगड्यावर उडाला. तिनं पाहिलंही नाही.

शाळा माझी चौथीतच सुटली. वाचायला शिकलो ते प्रार्थनेच्या घरात, शास्त्र वाचून वाचून. म्हणून लिहिताना मला सजवता येत नाही. जसं डोळ्यापुढं येतं तसं लिहितो.

हे माती लावणं सुरू कसं झालं ते आधी सांगतो. गावात आम्हा किरिस्तावांची चार घरं. प्रार्थनेचं घर म्हणजे एक खोली, वर कवेलूंचं छप्पर. पास्टर तालुक्याच्या गावाहून महिन्यातून एकदा मोटरसायकलवर येतात. एका रविवारी ते म्हणाले, जग बिघडलं. चांगलं बोलले. घाम फुटेपर्यंत बोलले. पोरं मोबाईलवर जुगार खेळतात, नदीची रेती चोरून विकतात, लेक आईला जेवलीस का म्हणून विचारत नाही, आणि शेतकरी शेजाऱ्याचा धुरा कोरतात. धुऱ्याचं नाव निघाल्याबरोबर मी इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की मागं एका बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू दचकून उठलं.

कारण काही सालांपासून खालच्या शेजाऱ्यानं आमचा धुरा कोरायला सुरुवात केली होती. त्याचा बाप होता तेव्हा धुऱ्याला हात लावायच्या आधी तो मला आवाज द्यायचा. "ये ना बा, दोघं मिळून खरडू, गवत बहुत झालं." बाप गेला, पोरानं ट्रॅक्टर घेतला. दरवर्षी चिखलणी करताना ट्रॅक्टर जरासा धुऱ्याला चाटून जायचा, आणि मागून फावड्यानं तो तितकं साफ करून घ्यायचा. एकटा तोच नाही. साऱ्या गावाचे धुरे बारीक झाले. माझ्या लहानपणी धुऱ्यावरून बैल जायचा. आता माणसाला पावलापुढं पाऊल ठेवून, हात पसरून जावं लागायचं, डोंबारणीच्या दोरावरून गेल्यासारखं. आम्हीही काही वेगळे नव्हतो. त्या चार घरांतल्या एका घराचे दोन भाऊ धुऱ्यापायी एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दोघंही त्या दिवशी आमेन म्हणाले.

प्रार्थना आटोपून आम्ही घरी चाललो होतो.

"आज पास्टरजी बरोबर बोलले," मी म्हणालो.

"हाव. पण मंग आपण काय करावं, ते नाई सांगितलं."

"प्रार्थना करावं. अजून काय?"

"ते तं करूनच राहिलो." थोडं चालून ती म्हणाली, "धुरा बारीक झाला आपला. परवा ते परे नेणारी बाई भाऱ्यासकट घसरली. उद्या माती लावू."

"ज्यानं कोरला त्यानं लावावं."

"तो लावन तवा लावन."

"अन माती कोणाच्या बांधीतली?"

"आपल्या. दुसऱ्याची कायले घ्यावं?"

मी चिडलो, पण गेलो. मला वाटलं, एकदाच करायचं आहे. पण पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा खालून कोरला आणि हिनं पुन्हा वरून लावला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. असा आमचा धुरा चालायला लागला. हसू नका, धुरा चालतो. खालून कमी होतो, वरून वाढतो, आणि सालोसाल आपल्याकडं सरकत येतो, झोपेत कूस बदलावी तसा. मी उभ्या उभ्या पाहत होतो आणि माझी बांधी आखूड होत होती. रोवणा म्हणजे धानाची लावणी करणाऱ्या बाया गाणं म्हणत परे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. आधी एक ओळ संपेपर्यंत गाणं पुरं व्हायचं. मग गाणं अर्ध्यात असतानाच धुरा यायला लागला.

एकदा एक बाई कमरेवर हात ठेवून हिला म्हणाली, "काकी, तुमची बांधी आखूड झाली का आमचं गाणं लांब झालं?"

"गाणं लांब झालं व बाई. म्हणत राहा."

बाया हसल्या. मी धुऱ्यावर बसलो होतो, मला हसू आलं नाही.

पण एक झालं. साऱ्या शिवारात दोन माणसं बरोबरीनं चालू शकतील असा धुरा आमचाच राहिला. शाळेतली लेकरं तिकडून जायला लागली. डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, सायकल हातात धरून चालणारे, बाळंतीण, म्हातारे, सगळे. कोणी वाट विचारली की लोक म्हणायचे, किरिस्तावाच्या धुऱ्यावरून जा. खालचा शेजारीही त्याच्यावरूनच यायचा-जायचा, आणि हिला पाहून म्हणायचा, "काकी, मस्त केला धुरा." ती म्हणायची, "सांभाळून जाजो बाप्पा, ओला हाय." मला वाटायचं फावडा त्याच्या पायावर टाकावा. नाव आमचं आणि जमीन त्याची.

मला विश्वास नव्हता असं नाही. होता. पण माझा विश्वास देवावर होता, शेजाऱ्यावर नव्हता. तिचा दोघांवर होता. प्रभूचं नाव ती गावात कोणाजवळ काढायची नाही. गावातली एक बुढी होती, लेक-सून तिला वाढायचे नाहीत, ती दुपारी आमच्या ओसरीत येऊन बसायची. ही ताट तिच्यापुढं ठेवायची आणि वर सुनेची बाजू घेऊन तिच्याशीच भांडायची. असं तिचं सगळं.

तर त्या सकाळी धुरा पुरा झाला. धुकं उतरलं, बगळे उडाले, पाण्यात आभाळ साफ दिसायला लागलं. ती धुऱ्याच्या टोकाशी वाहत्या पाण्यात हात धूत होती. हात धुता धुता थांबली. "पाठीत कळ मारून राहिली," म्हणाली. मी म्हणालो, वाकून वाकून मारत असन. आम्ही घरी आलो. ती म्हणाली, "थोडं पडतो." मी चहा केला. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, साखर जास्त झाली. हे तिचं शेवटचं बोलणं. माझ्या चहाला ती जन्मभर नावं ठेवत आली, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही. मग तिचा चेहरा मातीसारखा झाला आणि अंग गार पडलं, तेव्हा मी गाडी पाहायला सडकेवर धावलो. गाडी आली तेव्हा गाडीचं काम उरलं नव्हतं.

लोक आले, बाया रडल्या, पास्टरांना फोन गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट येऊन बसली. त्यानं धुरा कोरला नसता तर ही आज वाकली नसती. वाकली नसती तर कळ आली नसती. ती देवानं नेली असं सारे म्हणत होते, आणि मी मनात म्हणत होतो, देवानं नाही नेली, खालच्यानं नेली. हे वाटल्यावर मला जरा आधार आला. रागानं माणूस उभा राहतो. दुःखानं बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक नागपूरहून आली आणि दुपारी आम्ही तिच्या आईला माती द्यायला शेतात नेलं. आमच्या बांधीच्या वरच्या अंगाला एक उंचवट्याचा तुकडा आहे, तिथं धान होत नाही, मोहाचं झाड आहे. माझे आईबाप तिथंच आहेत. तिला त्याच धुऱ्यावरून नेलं. खांदेकरी दोघं दोघं बरोबरीनं चालले. दुसऱ्या कुठल्या धुऱ्यावरून तसं जाता आलं नसतं, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी खाली पाहत चाललो होतो. ओल्या मातीवर तिच्या बोटांच्या खुणा तशाच होत्या. मी पाय त्यांच्यावर पडू नये म्हणून कडेकडेनं चाललो, आणि मागचे म्हणाले, बुढ्याचा तोल जाऊन राहिला, धरा त्याले.

खड्ड्यात पाणी भरत होतं. दिवस पाण्याचे. आमच्या घरांतली माणसं उपसत होती आणि पाणी पुन्हा पाझरून येत होतं. असं पाण्यात तिला कसं ठेवायचं? पास्टर घड्याळाकडं पाहायचे, मग आभाळाकडं.

खाली शेजाऱ्याच्या बांधीत रोवणा चालू होता. बाया ओळीनं वाकलेल्या. त्यांचं गाणं आम्ही आलो तेव्हाच बंद झालं होतं. शेजारी धुऱ्यावर उभा राहून वर पाहत होता. मग तो बायांना काहीतरी बोलला, बाया पाण्यातून बाहेर निघाल्या, आणि तो घमेलं घेऊन वर आला. कोणाला विचारलं नाही. सरळ खड्ड्यात उतरला आणि पाणी उपसायला लागला. छातीपर्यंत चिखल. तो उपसून वर द्यायचा, आमचा एक माणूस ते लांब नेऊन टाकायचा. मग त्यानं आपल्या माणसाला घरी पाठवून मुरुमाची पोती आणवली आणि तळाला मुरूम अंथरला. हातानं. सारखा करून. तळ कोरडा झाला तेव्हा वर आला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

प्रार्थना झाली. मग एकेकानं मूठभर माती द्यायची असते. मी दिली, लेकीनं दिली, बाकीच्यांनी दिली. सारे झाल्यावर तो पुढं आला. हातात माती घेतलेली होती.

"काकाजी, म्या देऊ का?"

मी म्हणालो, "दे ना. तुह्यापाशी हायेच आमची माती."

पास्टरांनी गाणं सुरू करायला तोंड उघडलं होतं, ते उघडंच राहिलं. तो माझ्याकडं पाहत राहिला, मग वाकला आणि दोन्ही हातांनी माती अशी सोडली की आवाज होऊ नये. उठून म्हणाला, "बोलवा काकाजी मोजणी. म्या काई म्हणत नाई."

"बोलावतोच हाव. उद्या जातो."

घरी आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही असं कायले बोलले जी?"

"खरं बोललो."

"आईनं आयकलं असतं तं?"

"तिनं आयकलं असतं तं मले बोलूच देलं नसतं."

लेक रडली आणि रडता रडता हसली. मला तेवढंही जमलं नाही.

पहाटे डोळा लागला असावा. मी पाहिलं की धुरा चालत चालत आमच्या दारात आला आहे. चांगला रुंद, वर हिरवं गवत, अंग ओलं. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आत यायला लाजत होता. ती चुलीजवळून म्हणाली, "अवो, बसा म्हणा ना त्याले." आणि तिनं कपबशी काढली. मी म्हणालो, अगं हा धुरा आहे. ती म्हणाली, मंग काय झालं? मी उठलो तेव्हा चूल थंड होती आणि कवेलूंतून उजाडत होतं.

मी तोंड धुतलं, धुतलेला सदरा घातला, शेताचे कागद पिशवीत टाकले.

लेक दारात आली. "बाबा, आज? आजच?"

"परवा जातो म्हणून तिले सांगितलं होतं. परवा म्हणजे आज."

बसची सडक आमच्या शेताच्या बाजूनंच जाते. धुकं होतं. मी थांब्यापाशी उभा राहिलो आणि वर मोहाच्या झाडाकडं पाहायचं नाही असं ठरवलं. म्हणून खाली पाहिलं. शेजाऱ्याची बांधी अर्धी हिरवी, अर्धी रिकामी. बाया काल जिथं थांबल्या तिथं हिरवं संपलं होतं, जसं कोणी बोलता बोलता उठून गेलं. रिकाम्या भागात उपटलेल्या पऱ्यांच्या जुड्या जागोजागी पाण्यावर पडल्या होत्या. उपटलेला परा फार वेळ ठेवता येत नाही. शेंडे पिवळे पडायला लागले होते.

बस आली. ड्रायव्हर ओळखीचा. "चलता का काकाजी?"

मी हातानं जा म्हटलं.

कशापायी, ते मला आजही नीट सांगता येत नाही. प्रभूनं सांगितलं असं मी म्हणणार नाही. मला काही ऐकू आलं नाही. राग होता तसाच होता. एवढंच माहीत होतं की ती तिथं उभी असती तर बोलत बसली नसती, उतरली असती. आणि ती नव्हती, म्हणून कोणाला तरी उतरायला पाहिजे होतं. मी पिशवी धुऱ्यावरच्या एका झुडपाच्या फांदीला अडकवली, धोतर वर खोचलं आणि त्याच्या बांधीत उतरलो. पाणी गार होतं. एक जुडी सोडली आणि लावायला लागलो.

रोवणा बायांचं काम. जन्म धानात गेला, पण परा मी कधी लावला नव्हता. गडी माणसानं चिखल करायचा, जुड्या फेकायच्या, धुऱ्यावर बसून ओरडायचं. मी चार चार परे घेऊन चिखलात खोचत पुढं पुढं चाललो होतो. किती वेळ ते माहीत नाही. धुक्यात मागंपुढं काही नव्हतं, नुसतं पाणी, त्यात माझे हात, आणि माझ्यासारखाच वाकलेला एक बुढा.

मग बायांचे आवाज आले. शेजाऱ्याची बायको सगळ्यांत पुढं होती. मला पाहून थांबली.

"अय बाप्पा! काकाजी? तुमी कायले उतरले जी? घरी सुतक हाय ना तुमच्या?"

"आमच्यात सुतक नाई."

"तरी पण. गडी माणूस रोवणा लावते का कोठी?"

"परे पिवळे पडून राहिले, दिसत नाई का तुमाले? या, उतरा."

मग मागून एक म्हातारी बाई, जिचं तोंड कधी बंद नसतं, ती म्हणाली, "काकाजी, मांगं वळून तं पाहा!"

मी वळून पाहिलं. मी लावलेले सारे परे माझ्याच पायांनी तुडवले गेले होते. काही आडवे, काही तरंगत होते.

"रोवणा मांगं सरत लावा लागते जी, पुढं पुढं नाई! लावलेलं आपल्या समोर राह्यलं पाह्यजे."

बाया हसल्या. आधी तोंडावर पदर घेऊन, मग मोकळ्या. मलाही कसातरी आवाज आला घशातून, हसण्याचा की कशाचा ते कळलं नाही, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. चिखलाचे हात, पुसायला काही नाही. बायांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझ्या दोन्ही अंगांना ओळीत उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि मला मधे घेऊन लावायला लागल्या. म्हातारी सांगत होती, "असं. आता एक पाय मांगं. आता दुसरा."

शेजारी केव्हा आला ते मला दिसलं नाही. धुऱ्यावर उभा होता, आमच्या धुऱ्यावर, फांदीला अडकवलेल्या माझ्या पिशवीजवळ. त्यानं पिशवीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाण्यातली एक जुडी उचलली आणि फेकली. ती बरोबर माझ्या हाताजवळ पडली.

मी जुडी सोडली, चार परे चिखलात खोचले, आणि एक पाय मागं घेतला.